उरलेला एक बाण

४ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि संगणकावर तुम्ही वाचत नाही, म्हणून हे पत्र. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आलेली पत्रं मामी वाचून दाखवतात असं आई म्हणाली. तेव्हा चिन्हं कमी वापरते आणि शब्द जास्त. मामी, कुठे अडलात तर थांबू नका, पुढे वाचत जा. मामांना कळेल.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तुमच्या एकतीस वर्षांपूर्वीच्या प्रमेयावर उभं आहे. खाली एक लहान अल्जिब्रा, त्यावर एक कॉरस्पॉन्डन्स, आणि दोघांतून बांधलेला मोठा ऑपरेटर अल्जिब्रा. मामी, यातलं ठिपक्यांचं चित्र डोळ्यांपुढे ठेवा: लहान अल्जिब्रा म्हणजे कागदावरचे ठिपके, कॉरस्पॉन्डन्स म्हणजे त्यांच्यामधले बाण, आणि बाणांवरून जितके प्रवास करता येतील त्या सगळ्यांचा मिळून मोठा अल्जिब्रा. आयडियल म्हणजे त्या मोठ्यातला असा तुकडा, की त्याला कशानेही गुणलं तरी उत्तर त्याच तुकड्यात पडतं. तो तुकडा शून्य मानला की काही ठिपके पुसले जातात आणि उरलेलं चित्र सोपं होतं.

मामांचं प्रमेय सांगतं की असा प्रत्येक सममित तुकडा, खाली कोणते ठिपके पुसले गेले एवढ्यावरून पुरता ओळखता येतो. वरचं सगळं खालून कळतं. सुंदर आहे. मी त्याच्यावर दोन वर्षं घालवली आहेत.

अडचण सहाव्या लेम्मात, म्हणजे प्रमेयाच्या आधी सिद्ध करायच्या सहाव्या छोट्या विधानात, आहे. तिथे तुम्ही म्हणता, ज्या ठिपक्यातून अनंत बाण निघतात, त्यातून इतर ठिपके पुसल्यावरही अनंतच बाण निघतात. सिद्धता म्हणून दोन शब्द आहेत: 'स्पष्टच आहे'. मी तीन आठवडे त्या दोन शब्दांशी झटापट करते आहे. मला ते स्पष्ट होत नाही. का बरोबर आहे, एवढं कळवा.

घाई यासाठी की प्रबंध एप्रिलअखेर दाखल झाला तरच कॉलेजातली जागा मला मिळणार आहे. पाच वर्षं तासावर शिकवते आहे. प्राचार्यांनी जागा धरून ठेवली आहे, पण जूनच्या पुढे नाही.

तुमची,
भाची

१६ जानेवारी

चि. भुणभुण हिस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी कानाशी भुणभुण करायचीस, आता टपालाने करतेस. प्रगती आहे.

इकडे लिफ्ट बंद पडून नववा दिवस. लिफ्टवाला रोज येतो, दार उघडून आत बघतो, आणि सुटा भाग यायचा आहे म्हणून सांगून जातो. चौथ्या मजल्यावरून खाली उतरलो की गुडघा दोन दिवस बोलत नाही. तुझं पत्र घेऊन वर आली ती तुझी मामी. ठिपक्यांचं तू तिला दिलेलं स्पष्टीकरण तिला फार आवडलं. एकतीस वर्षांत मी तिला ते एकदाही असं सांगितलं नाही, असं तिने मला सुनावलं.

आता तुझा प्रश्न. एखादी गोष्ट स्पष्ट आहे असं मी लिहितो तेव्हा ती हाताने करून पाहायचा कंटाळा नसलेल्या माणसाला स्पष्ट असते. तुमची पिढी आधी सर्वसाधारण विधान वाचते आणि मग त्याच्यापुढे हात जोडून बसते. माझा नियम तुला ठाऊक आहे. तीन ठिपके काढ, बाण मांड, पूस, पुन्हा मांड. सगळ्या शक्यता कर. मग लिही.

कॉलेजातल्या जागेचं होईल. गणितात घाई उपयोगी पडलेली मी पाहिलेली नाही.

तुझा,
मामा

२५ जानेवारी

ती. मामांस,
सा. न.

केलं. तीन ठिपके लागलेच नाहीत, दोन पुरले.

पहिल्या ठिपक्यातून एक बाण त्याच्याकडेच परत येतो. शिवाय त्याच्यातून दुसऱ्या ठिपक्याकडे अनंत बाण जातात. दुसऱ्यातून फक्त एक बाण, तोही स्वतःकडे. आता दुसरा ठिपका पुसा. त्याच्याकडे जाणारे बाण त्याच्याबरोबर गेले. पहिल्यापाशी काय उरलं? स्वतःकडे येणारा एक बाण. अनंत होते, एक उरला. सहावा लेम्मा इथे मोडतो.

त्याच्यामागोमाग प्रमेयही मोडतं. कारण आता मोठ्या अल्जिब्रात दोन वेगवेगळे तुकडे सापडतात आणि दोघांच्या खाली पुसलेला ठिपका एकच, दुसरा. त्या उरलेल्या एका बाणाचा हिशेब एक तुकडा करतो, दुसरा करत नाही. खालून बघणाऱ्याला दोघांतला फरक दिसत नाही.

मी हे चार वेळा तपासलं. पाचव्यांदा तपासताना रडू आलं, कारण चूक माझी निघावी अशी माझी फार इच्छा होती.

गाइड सरांकडे गेले. त्यांनी माझा कागद हातात घेतला आणि न वाचता टेबलावर ठेवला. या प्रमेयावर चाळीस पेपर उभे आहेत, चाळीस माणसं आंधळी आणि तू एकटी डोळस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोनच ठिपके आहेत सर, बघा तरी. ते म्हणाले, तुझे मामाच आहेत ना ते, त्यांच्याकडून चूक असल्याचं लिहून आण, मग बघतो.

तेव्हा मामा, सिद्धता नको, दुरुस्ती नको, दोन ओळी हव्या आहेत. लेम्मा सहा चूक आहे, आणि खाली सही. पत्र मिळताच पाठवा. तिसरं प्रकरण मला नव्याने लिहायचं आहे आणि सरांच्या होकाराशिवाय त्याला हात लावता येत नाही.

भाची

१९ फेब्रुवारी

चि. भुणभुण,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लिफ्ट चालू झाली आणि चार दिवसांनी पुन्हा बंद पडली.

पोरी, अनंत बाण काढायला पेन्सिली किती लागल्या? तुझं उदाहरण म्हणजे मुद्दाम वाकडं बसून काढलेला फोटो आहे. प्रत्यक्ष कामात येणारे कॉरस्पॉन्डन्स असे नसतात. तिथे प्रत्येक ठिपक्यातून मोजकेच बाण निघतात, आणि बाण मोजके असले की लेम्मा सहाची गरजच उरत नाही. ज्या चाळीस लोकांनी प्रमेय वापरलं त्यांतल्या पस्तीसांचं काही बिघडत नाही. विधानात एक अट वाढवावी लागेल, इतकंच. ती अट नेमकी कोणती यावर माझं काम चालू आहे. एकाच आयडियलवर सगळं निभावेल अशी अट सापडेल असं मला वाटतं. उन्हाळ्यापर्यंत वेळ दे.

तोवर तुझ्या सरांपाशी याची फार चर्चा करू नकोस. घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे.

मामा

[पत्राच्या पाठीमागे, वेगळ्या अक्षरात]

पाकिटात घालायला पत्र माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. मला तुमचं शास्त्र कळत नाही. पण तुझ्या पत्रातले ते दोन ठिपके मी वाचायला लागले तसे हे म्हणाले, पुढचं वाचू नकोस, मला माहीत आहे. पत्र अर्धंसुद्धा वाचून झालं नव्हतं. माहीत कसं, ते तूच विचार. मी विचारलं तर म्हणाले, तुला काय कळतंय. मला एवढं कळतं की त्या दिवसापासून हे रोज दुपारी कागद घेऊन बसतात आणि संध्याकाळी फाडतात. कचरा मीच उचलते.
मामी

२ मार्च

ती. मामांस,

मला कुणी काही सांगितलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण हे पत्र वाचणाऱ्या व्यक्तीला उगाच बोलणी बसायला नकोत.

तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. ज्या माणसाला आपली चूक नव्याने कळते तो आधी दचकतो, मग भांडतो. तुम्ही दचकला नाहीत. थेट भांडणावर आलात, आणि भांडण पाठ असल्यासारखं आलं. पस्तीस आणि पाच हा आकडासुद्धा तयार होता. चाळीस पेपर तुम्ही पंचवीस दिवसांत वाचले, डोळ्यांची ही अवस्था असताना?

तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे?

आणि उन्हाळ्यापर्यंत वेळ मी कुठून देऊ? माझ्याकडे आठ आठवडे आहेत. घरातली गोष्ट म्हणता, मग माझी जागा ही कुणाच्या घरातली गोष्ट आहे? घरचं प्रमेय म्हणून मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. परक्याचं असतं तर पहिल्या महिन्यात तपासलं असतं.

तुमची अट तुम्ही शोधा. मी वाट बघत बसलेली नाही. एका आयडियलवर निभावत नाही, कुठल्याच अटीने निभावणार नाही, कारण खाली माहितीच कमी पडते. जोडी लागते. जोडीतला पहिला सांगतो काय पुसायचं. पुसल्यावर ज्या ठिपक्यांपाशी अनंतातून मोजकेच बाण उरतात, त्यांतल्या कुणाकुणाचा हिशेब तुकड्यात धरायचा, ते दुसरा सांगतो. अशी प्रत्येक जोडी एक तुकडा देते आणि प्रत्येक तुकडा एक जोडी. सिद्धतेची चौदा पानं सोबत आहेत. चौथ्या प्रकरणात याच जोड्या मोजून मी बारा रचनांचा तक्ता केला आहे.

मला अजूनही तुमच्या दोनच ओळी हव्या आहेत. मार्चअखेरपर्यंत.

भाची

६ एप्रिल

ती. मामांस,

पाच आठवडे झाले. पत्र पोचल्याची पावती माझ्याकडे आहे, तेव्हा टपालाला दोष देता येत नाही.

तुमच्या गप्प बसण्यातून सरांनी मार्ग काढला. त्यांनी अखेर माझी चौदा पानं चाळली, मान हलवली, आणि म्हणाले की हे उत्तम आहे, फक्त 'दुरुस्ती' हा शब्द काढ. मामांच्या प्रमेयाचा 'विस्तार' असं म्हण. कुणाचं नाक कापलं जात नाही आणि तुझं काम होतं. मी म्हटलं, सर, चुकीचा विस्तार केला तर मोठी चूक होते. ते हसले. विनोद आवडला म्हणाले. मी विनोद केला नव्हता.

तर आता प्रस्तावनेत असं वाक्य आहे: 'या प्रकरणात आपण एका अभिजात प्रमेयाचा विस्तार करतो.' हे वाक्य टाइप करताना माझे हात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत खोटं बोलत होते. पण जागा हवी आहे, मामा. पाच वर्षं दुसऱ्यांच्या वर्गांत फळा पुसलाय. प्रबंध वीस तारखेला दाखल करते.

यापुढे तुम्ही काही पाठवायची गरज नाही.

भाची

२४ एप्रिल

चि. भुणभुण,

तुझ्या सगळ्या पत्रांचं उत्तर एकदम देतो. मामी शेजारी बसली आहे आणि हे पत्र पाकिटात जाण्याआधी वाचणार असं तिने मला बजावलं आहे.

केव्हापासून माहीत आहे, असं तू विचारलंस. तेरा वर्षांपासून. एका दूरच्या विद्यापीठातल्या अनोळखी विद्यार्थ्याने पत्र लिहिलं होतं. तेच दोन ठिपके, तोच उरलेला एक बाण. पत्र अतिशय नम्र होतं. त्यानेही शेवटी लिहिलं होतं की चूक बहुधा माझीच असेल, कुठे ते दाखवा. ते वर्ष माझ्या निवृत्तीचं. विभागाने माझ्या सन्मानार्थ ग्रंथ काढायला घेतला होता आणि पहिल्या पानावर ते प्रमेय छापलं होतं. म्हटलं, समारंभ होऊन जाऊ दे, मग लिहू. समारंभ झाला. म्हटलं, आधी दुरुस्ती सापडू दे, नुसती चूक काय कळवायची. दुरुस्ती सापडेना, कारण मी एकाच आयडियलवर अडून बसलो होतो. दोन घेतले तर प्रमेय माझं राहत नव्हतं. एका वर्षाने त्या मुलाला उत्तर देणं अवघड वाटलं, आणि पाच वर्षांनी हास्यास्पद. त्याने गणित सोडल्याचं मागाहून कानावर आलं. त्याचा माझ्या पत्राशी संबंध असेल किंवा नसेल. मी कधी विचारलं नाही.

आता दुसरं. तुझी चौदा पानं. पहिले तीन आठवडे मी पाकीट उघडलं नाही. मामीने उघडलं. त्यानंतर ती वाचते आणि मी लिहून घेतो असं रोज अर्धं पान झालं. जोडीची कल्पना बरोबर आहे. मला ती तेरा वर्षांत सुचली नाही असं म्हणणार होतो. सुचली होती, घेववली नाही.

पण पान नऊ बघ. तू लिहितेस, पुसल्यावर ज्याच्यापाशी मोजकेच बाण उरतात असा ठिपका जोडीत घेता येतो. तिसरा ठिपका काढ. त्याचे अनंत बाण सगळेच्या सगळे दुसऱ्याकडे जाऊ देत, स्वतःकडे एकही नको. दुसरा पूस. तिसऱ्यापाशी किती उरले? एकही नाही. शून्य म्हणजेही मोजकेच असं धरून तू त्याला जोडीत घेतलंस. पण त्याचा हिशेब धरायला गेलीस की तो ठिपका स्वतःच पुसला जातो. म्हणजे ही जोडी, आणि दुसरा नि तिसरा दोन्ही ठिपके पुसणारी जोडी, यांनी मिळणारा तुकडा एकच. मी दोघांना एक म्हटलं. तू एकाला दोन म्हणते आहेस.

'निदान एक तरी बाण उरला पाहिजे' एवढी अट घातली की पान नऊ सावरेल. चौथ्या प्रकरणातला तक्ता सावरणार नाही. बारांतल्या सात ओळींचे आकडे फुगलेले आहेत.

पाकीट आलं त्याच दिवशी उघडलं असतं तर हे तुला वीस तारखेच्या आत कळलं असतं. हे मामीने मला तीन वेळा सांगितलं आहे, तू चौथ्यांदा सांगशील.

परीक्षक पान नऊ इतक्या बारकाईने वाचणार नाहीत. माझं इतक्या वर्षांत कुणी वाचलं? काय करायचं ते तू ठरव. मी काय केलं ते वर लिहिलं आहे.

मामा

९ मे

ती. मामांस,

चौथ्यांदा सांगत नाही. कागदावर लिहिण्याजोगे शब्द नव्हते.

तुमचं पत्र अठ्ठावीस तारखेला मिळालं. तोवर प्रबंध परीक्षकांकडे गेला होता. तिसरा ठिपका मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बिलाच्या पाठीवर काढला आणि तिथेच कळलं. पुढचे दोन दिवस तुमच्यावर चिडले, तुम्ही बरोबर आहात म्हणून. तुम्ही नुसते चुकलेले असतात तर किती सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी सरांकडे गेले. ते म्हणाले, तोंडी परीक्षा होऊ दे, पदवी हातात पडू दे, मग छापताना सुधार. सगळे असंच करतात. मी घरी आले, आणि खरं सांगते, तसंच करायचं ठरवलं. रात्रभर ठरवलेलं राहिलं. सकाळी आंघोळ करताना मी मनात एक वाक्य जुळवत होते: परीक्षा होऊन जाऊ दे, मग लिहू. ते वाक्य कुठे वाचलंय ते आठवलं आणि डोक्यावर अर्धा साबण तसाच ठेवून मी बाहेर आले.

विद्यापीठात गेले. खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, प्रबंध मागे घ्यायचा आहे. त्यांनी कपाट धुंडाळलं. दाखल करायचा अर्ज आहे, विषय बदलायचा आहे, नाव बदलायचाही आहे, पण मागे घ्यायचा अर्ज छापलेलाच नाही. असं कुणी करत नाही म्हणाले. मग त्यांनी मला हरवलेल्या गुणपत्रिकेचा अर्ज दिला, त्यातले शब्द माझ्याकडून खोडून घेतले आणि वर हाताने लिहून घेतलं. 'कारण' या रकान्यात काय लिहू असं विचारलं. मी म्हटलं, पान नऊ चूक आहे. ते म्हणाले, एकच पान?

प्राचार्यांनी जागा दुसऱ्याला दिली. दोष त्यांचा नाही, जूनपर्यंत नवा प्रबंध होणं शक्यच नव्हतं, थांबणार तरी किती. मी पुन्हा तासावर. सर माझ्या नमस्काराला उत्तर देत नाहीत. आई म्हणते, तुला कुणी शहाणपणा करायला सांगितला होता.

हे तुमच्या डोक्यावर फोडत नाही. पान नऊ माझं होतं. पण मी चूक कळल्यावर चार दिवसांत कळवली आणि मला त्याची किंमत म्हणून जागा मोजावी लागली. तुम्हाला काही मोजावं लागणार नाही. निवृत्तिवेतन चालू राहील, ग्रंथ कपाटात राहील. फक्त एक पत्र, ज्या मासिकात प्रमेय छापलं त्याच्या संपादकांना. माझ्यासाठी आता त्याचा उपयोग नाही. ते चाळीस लोक, आणि आणखी एखादी मुलगी कुठेतरी त्याच दोन शब्दांपाशी बसली असेल तर ती, यांच्यासाठी लिहा. नाहीतर लिहू नका, पण मग मला गुडघा आणि लिफ्ट यांच्याबद्दलही लिहू नका.

मामी, हे सगळं मोठ्याने वाचा.

भाची

१७ मे

चि. भुणभुण,
अनेक आशीर्वाद.

मामीने वाचलं. दोनदा, आणि आवाज चढवून. शेजाऱ्यांनाही आता माझं प्रमेय ठाऊक आहे.

संपादकांना पत्र आज सकाळी रजिस्टर टपालाने गेलं. चार मजले उतरून मी स्वतः टाकलं, पण त्याबद्दल लिहायची तू मनाई केली आहेस. मजकूर असा:

'आपल्या मासिकात एकतीस वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या माझ्या लेखातला लेम्मा सहा चूक आहे, आणि म्हणून मुख्य प्रमेयही चूक आहे. दोन ठिपक्यांचं प्रतिउदाहरण सोबत जोडलं आहे. ते मला तेरा वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने कळवलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही आणि आपल्यालाही कळवलं नाही. या वर्षी माझ्या भाचीने ते स्वतंत्रपणे शोधलं. बरोबर विधानाला एका आयडियलऐवजी आयडियलांची जोडी लागते. ते तिचं आहे आणि तिच्या प्रबंधात येईल. तोवर माझं प्रमेय कुणी वापरू नये.'

त्या विद्यार्थ्याचा जुना पत्ता होता, तिथेही एक प्रत पाठवली. पोचेल असं वाटत नाही.

तुझी जागा यामुळे परत येणार नाही, हे मला कळतं. तुझ्या सरांना वेगळं पत्र लिहिलं आहे, त्याने ते मऊ होतील अशी आशा धरू नकोस. मी त्यांना ओळखतो, माझ्यासारखेच आहेत.

एक गोष्ट मात्र तुला कळवलीच पाहिजे, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहितो आहे. संपादकांना पाठवायचा तो मजकूर लिहायला बसलो तेव्हा मामीने घड्याळाकडे पाहिलं आणि उठलो तेव्हा पुन्हा पाहिलं. वीस मिनिटं लागली.

मामा